खोलीचा आकार आणि उन्हाचा हिशेब

"घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून" ही म्हण आमच्या वाचकांच्या कानांवरून शेंकडों वेळां गेली असेल. आम्हीं लग्नें पुष्कळ पाहिलीं. घर मात्र उभ्या आयुष्यांत एकच बांधिलें, आणि तेंही साठी उलटल्यावर. त्या घराच्या एका खिडकीनें आम्हांस जो धडा शिकविला तो येथें सांगण्याचा विचार आहे. सारा जन्म शाळेंत गणित व संस्कृत शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यानें खिडकीपासून धडा घ्यावा, हें सांगण्यास थोडा संकोच वाटतो. परंतु हल्लीं कित्येक कुटुंबें जुने वाडे पाडून नवीं घरें बांधीत आहेत, आणि आमच्यापुढें आला तसा एखादा छापील अहवाल त्यांच्यापुढेंही केव्हां ना केव्हां येणारच. तेव्हां संकोच बाजूस ठेविलेला बरा.

प्रथम घरची हकीकत. पुण्यांतील आमचा जुना वाडा दोन भावांच्या एकत्र कुटुंबाचा. थोरले बंधू निवर्तून बरीच वर्षें झालीं. वहिनी आतां ऐंशीच्या पलीकडे गेल्या आहेत. आम्ही सात वर्षांचे असतां आमची आई गेली. त्यानंतर आम्हांस जेवूं घालून, पाढे म्हणवून घेऊन, आजारपणांत उशाशीं बसून लहानाचें मोठें केलें तें वहिनींनींच. वाड्याच्या पश्चिमेकडील खिडक्यांना बाहेरून लांकडी झिलमिलीच्या झडपा होत्या. उन्हाळ्यांत चार वाजले कीं हातांतलें काम टाकून वहिनी त्या झडपा मिटीत, व दिवेलागणीनंतर उघडीत. हा नेम आम्हीं पन्नास वर्षें पाहिला, पण त्याचें कारण एकदांही विचारिलें नाहीं.

वाडा पाडून त्याच जागीं नवें घर बांधावयाचें ठरलें तेव्हां वास्तुशिल्पज्ञानें बैठक आणि भोजनाची जागा मिळून एकच मोठें दालन काढिलें. त्याचा आकार सुताराच्या गुण्यासारखा. गुण्याचें एक पातें उत्तरेकडे गेलेलें, ती बैठक. दुसरें पूर्वेकडे गेलेलें, ती भोजनाची जागा. आणि दोन पात्यांच्या मधल्या कुशींत स्वयंपाकघर. बैठकीस पश्चिमेकडे मोठी खिडकी. खिडकीसमोर १२ फुटांवर भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. वाचकांनीं हा नकाशा मनांत धरून ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आराखड्यासोबत एका सल्लागार संस्थेचा अहवालही आला. घर उभें राहण्यापूर्वींच संगणकावर त्याचें प्रतिरूप उभें करून, वर्षाच्या प्रत्येक तासास आंत किती उष्णता होईल, याचें गणित त्यांत केलें होतें. निष्कर्ष असा कीं, दालनाचें तापमान सुसह्य राहील; पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून झडपा करण्याचा खर्च अनावश्यक आहे.

वहिनी तें ऐकून म्हणाल्या, "भाऊजी, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून झडप हवी हो. संध्याकाळचं ऊन जमिनीवर राहत नाही, भिंतीवर चढतं."

आम्हीं ऐटीनें उत्तर दिलें, "वहिनी, हें यंत्रानें तासातासाचें गणित केलें आहे. गणित कोणाची भीड धरीत नाहीं."

त्या पुढें कांहीं बोलल्या नाहींत. उठून देवघरांत गेल्या. झडपांचे पैसे वांचले, आणि ते वांचविल्याबद्दल आम्हीं घरांत चार लोकांत स्वतःची पाठही थोपटून घेतली.

नव्या घरांत आल्यावर वहिनींची खाट त्या बैठकीच्या भिंतीशीं, खिडकीच्या समोर मांडली. त्यांस आतां फारसें चालवत नाहीं. येणाऱ्याजाणाऱ्याशीं बोलतां यावें म्हणून जागा त्यांनींच पसंत केली. मार्च कसाबसा गेला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत एके सायंकाळीं त्यांस घेरी आली. ओठ कोरडे पडलेले, अंग तापलेलें. डॉक्टरांनीं तपासून उष्म्यानें शरीरांतील पाणी कमी झाल्याचें सांगितलें व दोन दिवस सलाईन लाविलें. आम्ही खाटेजवळ उभे राहून पाहतों तों भिंतीवर, त्यांच्या उशाशीं, पिवळ्याधमक उन्हाचा चौकोन पडला होता. वहिनींनीं डोळे उघडून आमच्याकडे पाहिलें, पण झडपेचें नांव काढिलें नाहीं. त्यांनीं नांव काढिलें असतें तर आम्हांस बरें वाटलें असतें.

आमच्या थोरल्या बंधूंची नात इमारतींच्या उष्णतेचें गणित करण्याचाच व्यवसाय करते. घर बांधलें तेव्हां ती शिक्षणासाठीं परदेशीं होती. आजीच्या प्रकृतीचें वर्तमान कळतांच ती आली. अहवाल मागवून घेऊन आणि त्या संस्थेकडून संगणकांतील मूळ टांचणही मिळवून ती दोन रात्री त्यावर बसली. तिसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं ती आम्हांस म्हणाली, "आजोबा, गणित कुठंच चुकलेलं नाही. पण आपली खोली त्याला जशी सांगितली, तशी ती नाही." त्या वाक्याचा अर्थ समजून घेण्यासाठीं आम्हीं पुढील आठवडाभर तिचें शिष्यत्व पत्करिलें. त्या आठवड्यांत जें समजलें तें आतां क्रमानें सांगतों.

सूर्य आकाशांत कोणत्या क्षणीं कोठें असेल, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. सूर्यसिद्धान्ताच्या त्रिप्रश्नाधिकारांत बारा अंगुलांच्या शंकूच्या छायेवरून दिशा, देश व काल काढण्याचा विधि सांगितला आहे. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० मधील लीलावतींत छायाव्यवहार हें स्वतंत्र प्रकरणच आहे. पुण्याचें अक्षांश सुमारें साडेअठरा अंश. त्यावरून कोणाही विद्यार्थ्यास काढतां येईल कीं, डिसेंबरांतील अयनदिनीं माध्यान्हीं सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारें ४८ अंश उंच असतो. मे महिन्याच्या मध्यास व पुन्हा जुलैच्या अखेरीस तो ऐन डोक्यावर येऊन शंकूची छाया नाहींशी होते. आणि या दोहोंच्या मधल्या दिवसांत तो माध्यान्हीं उत्तरेकडे झुकलेला असतो. संगणक हेंच गणित अधिक सूक्ष्मपणें करितो. तेव्हां सूर्याच्या स्थानाविषयीं वाद नाहीं. सगळा प्रश्न किरण खिडकीच्या आंत आल्यानंतरचा आहे.

हें काम करणाऱ्या आज्ञावलींत एनर्जीप्लस ही प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आश्रयानें ती तयार झाली व २००१ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. त्यापूर्वींच्या डीओई-२ व ब्लास्ट या दोन आज्ञावलींचा वारसा तिच्याकडे आला आहे. ती कोणासही विनामूल्य मिळते, आणि जगांतील पुष्कळ सल्लागार तीच वापरतात. आमचा अहवालही तिच्यावरच केलेला होता.

ही आज्ञावली घर पाहूं शकत नाहीं. तिला घर सांगावें लागतें, आणि तें सांगण्याची रीत अशी: घराचे कांहीं विभाग पाडावयाचे, या शास्त्रांत त्यांस 'झोन' म्हणतात, आपण 'कक्ष' म्हणूं. प्रत्येक कक्षास भिंती, जमीन, छत व खिडक्या अशीं सपाट पृष्ठें. प्रत्येक पृष्ठ त्याच्या कोपऱ्यांच्या अंकांनीं सांगावयाचें. कक्षांतील हवा सर्वत्र सारखी मिसळलेली आहे असें धरून साऱ्या कक्षाचें एकच तापमान काढलें जातें. एक कक्ष म्हणजे नेहमीं एक खोली असेंही नाहीं. वेळ वांचावा म्हणून चार खोल्या मिळून एक कक्ष करितात, कधीं सबंध मजला एक कक्ष होतो. असें केल्यानें पूर्वेच्या खोलींतील सकाळचें ऊन आणि पश्चिमेच्या खोलींतील सायंकाळचें ऊन एकाच भांड्यांत ओतलें जातें. बेरीज बरोबर येते, पण पश्चिमेच्या खोलींत बसलेल्या मनुष्याचे हाल त्या सरासरींत बुडून जातात.

कोपरे सांगतांना क्रमही पाळावा लागतो. भिंत बाहेरून पाहतां तिचे कोपरे घड्याळाच्या कांट्याच्या उलट क्रमानें सांगावे, असा सामान्य नियम आहे. क्रम उलटला कीं भिंतीची पाठ व पोट यांची अदलाबदल होते, आणि बाहेरची भिंत आपलें तोंड घराच्या आंत करून बसते. देवळांतील प्रदक्षिणेचा उजवेडावेपणा आम्हीं मुलांना शिकविला आहे. येथेंही तोच प्रकार पाहून आम्हांस मौज वाटली. त्याचप्रमाणें भिंती एकमेकींस नीट भिडल्या नाहींत व मधें फट राहिली, तर कक्ष बंद राहत नाहीं, आणि फटीकडे गेलेल्या उन्हाचा हिशेब लागत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. खिडकींतून आंत आलेलें ऊन कोठें पडतें, हें ठरविण्याच्या या आज्ञावलींत मुख्यतः तीन रीती आहेत.

पहिली रीत सर्वांत ढोबळ. तींत शेजारच्या इमारती, छज्जे, घराचेच पुढें आलेले भाग यांच्या छाया धरीत नाहींत. खिडकी भिंतींत आंत बसविलेली असल्यास तेवढ्यापुरती छाया काय ती धरितात. आंत आलेलें सर्व थेट ऊन जमिनीवर पडलें असें मानितात.

दुसरी रीत बाहेरच्या सर्व छाया नीट काढिते. छज्जा, समोरचें झाड, घराचा दुसरा भाग यांची छाया कोणत्या भिंतीवर व खिडकीवर किती पडते, हें ती दाखविते. परंतु आंत आल्यावर तिचाही नियम पहिलीसारखाच आहे: सगळें थेट ऊन जमिनीवर. जमिनीनें आपल्या रंगाच्या व घडणीच्या मानानें तें शोषावें. जें परावर्तित होईल तें विखुरलेला प्रकाश समजून सर्व पृष्ठांवर वांटून द्यावें. निराळें कांहीं सांगितलें नाहीं तर आज्ञावली हीच रीत चालविते.

तिसरी रीत किरणाचा माग घराच्या आंतही काढिते. खिडकींतून शिरलेला झोत कोणत्या भिंतीवर, कोणत्या जमिनीवर, समोरच्या कोणत्या कांचेवर किती पडतो, हें ती पृष्ठावार सांगते. वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर या तिसऱ्या रीतींतच होतें. मग संस्थेनें ती कां वापरली नाहीं? कारण तिला एक अट आहे. कक्ष बहिर्वक्र असला पाहिजे.

बहिर्वक्र म्हणजे काय, हें आम्हीं नातीकडून शिकलों नाहीं. आम्हींच तें वर्गांत फळ्यावर शिकविलेलें आहे. आकृतींतील कोणतेही दोन बिंदु घ्या व सरळ रेषेनें जोडा. ती रेषा प्रत्येक वेळीं आकृतीच्या आंतच राहिली तर आकृति बहिर्वक्र. चौकोनी खोली तशी आहे. गुण्याच्या आकाराचें दालन तसें नाहीं. उत्तरेकडील पात्याच्या टोंकापासून पूर्वेकडील पात्याच्या टोंकापर्यंत दोरी ताणली तर ती मधल्या स्वयंपाकघरांतून जाईल. बहिर्वक्र खोलींत किरण एका पृष्ठांतून शिरतो व दुसऱ्या एकाच पृष्ठावर पोंचतो, तिसऱ्याचा संबंध येत नाहीं. तिसऱ्या रीतीचें सारें गणित याच गोष्टीवर उभारलेलें आहे.

गुण्याच्या दालनास ती बळेंच लावली तर काय होतें, हें नातीनें आम्हांस कागदावर काढून दाखविलें. मे महिन्यांत सायंकाळीं सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे असतो. त्यामुळें किरण खिडकींतून आग्नेयेकडे जातात. असा एक किरण बैठकीच्या समोरच्या भिंतीवर पडला. वस्तुतः तेथें त्याचा प्रवास संपला. परंतु पुढची भिंत मागच्या पृष्ठास झांकते, ही गोष्ट खोलीच्या आंत आज्ञावली तपाशीत नाहीं. ती तोच किरण सरळ पुढें वाढवून पाहते, आणि तो स्वयंपाकघर ओलांडून भोजनाच्या जागेंतील जमिनीवर वा टोंकाच्या भिंतीवरही पडला असें धरूं शकते. एका रुपयाची दोन ठिकाणीं जमा झाल्यासारखें हें होय. म्हणूनच आकार असा असेल तर दुसरी रीत वापरावी, असें आज्ञावलीबरोबरच्या पुस्तकांतच सांगितलेलें आहे. सल्लागारानें तो सल्ला पाळिला. त्याला अप्रामाणिक म्हणतां येणार नाहीं. त्यानें एवढेंच केलें नाहीं कीं, ही रीत स्वीकारल्यामुळें कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला तें आम्हांस सांगितलें नाहीं. आणि आम्हीं तें विचारिलें नाहीं.

तो अनुत्तरित प्रश्न केवढा मोठा होता हें पाहण्यास संगणकही लागत नाहीं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत पुण्यास सायंकाळीं सव्वापांच ते साडेपांचच्या दरम्यान सूर्य ऐन पश्चिमेस क्षितिजावर सुमारें २० अंश असतो. आमच्या खिडकीची खालची चौकट जमिनीपासून ३ फूट, वरची ७ फूट. २० अंशांच्या कोनाची स्पर्शज्या ०·३६४. म्हणजे १२ फूट आडवें जातां किरण सुमारें ४·४ फूट खालीं उतरतो. यावरून निघतें कीं, खिडकीच्या ३ पासून ४·४ फुटांपर्यंतच्या भागांतून आलेले किरण तेवढे जमिनीवर पोंचतात. उरलेला ४·४ ते ७ फुटांचा भाग, म्हणजे खिडकीचा जवळजवळ दोनतृतीयांश, समोरच्या भिंतीवर जातो, आणि तेथें जमिनीपासून सुमारें २·६ फुटांपर्यंत चढतो. वहिनींची खाट दीड फूट उंच आहे. पाऊण तासानें सूर्य १० अंशांवर येतो. तेव्हां १२ फुटांत उतार फक्त २·१ फूट. खिडकीच्या अगदीं खालच्या कडेचा किरणही भिंतीवर सुमारें पाऊण-एक फूट उंचीवर लागतो. जमिनीवर थेट ऊन मुळींच नाहीं. सगळें भिंतीवर. आणि त्याच वेळीं अहवालांतील गणित तें सगळें जमिनीवर मांडीत होतें. एवढेंच नव्हे, तर दालनाची जमीन एकच म्हणून भोजनाच्या जागेंतील, जेथें एकही किरण पोंचत नव्हता त्या फरशीवरही त्याचा वांटा टाकीत होतें.

ऊन कोठेंही पडो, उष्णता तेवढीच, मग एवढी चिकित्सा कशास, असें कोणी म्हणेल. आम्हींही तसें म्हटलें होतें. खिडकींतून शिरणारी एकूण उष्णता सर्व रीतींत जवळपास सारखीच असते, आणि वर्षाच्या बेरजेंत फरक थोडाच पडतो, हें खरें आहे. परंतु जाड फरशी व तिच्याखालील कॉंक्रीट यांवर पडलेली उष्णता आंत मुरते व सावकाश बाहेर येते. तीच उष्णता साडेचार इंची भिंतीवर, लांकडी कपाटावर वा गादीवर पडली तर तें पृष्ठ लवकर तापतें व खोलीस तत्काळ तापवितें. त्यामुळें सर्वांत तापण्याची वेळ बदलते, आणि त्या वेळचा कडाकाही बदलतो. शिवाय जो मनुष्य त्या तापलेल्या भिंतीशीं टेंकून बसला आहे, व ज्याच्या अंगावर प्रत्यक्ष ऊन येत आहे, त्याला दालनाच्या हवेच्या सरासरी तापमानाचा काय उपयोग? तें तापमान सुसह्य होतें, अहवालानें खोटें सांगितलें नव्हतें. वहिनी सरासरींत राहत नव्हत्या, खाटेवर राहत होत्या.

नातीनें उपाय असा केला. दालनाचे दोन कक्ष पाडिले: बैठकीचा चौकोन एक, भोजनाच्या जागेचा दुसरा, मध्यें भिंत नसून केवळ कल्पिलेला पडदा. दोन्ही चौकोन बहिर्वक्र, म्हणून तिसरी रीत निर्धास्तपणें लावतां येते, आणि दोन जागांचीं दोन तापमानेंही मिळतात. त्यालाही किंमत पडते, हें तिनें सांगितलें. कल्पित पडद्यास कांचेच्या खिडकीसारखें मानिलें तर तो ओलांडतांना थेट किरण आपलें थेटपण गमावून पलीकडे विखुरलेला प्रकाश म्हणून वांटला जातो. आणि दोन जागांतील हवेची देवघेवही वेगळी सांगावी लागते. आमच्या बाबतींत झळ बैठकींतच होती, म्हणून ही किंमत परवडली. एप्रिल-मेच्या सायंकाळीं बैठकीची समोरची भिंत किती तापते, हें नव्या गणितांत स्वच्छ दिसलें. वहिनींनीं तें आराखडा पाहूनच सांगितलें होतें.

आणखी एक बारकावा. दररोजच्या प्रत्येक तासाची छाया काढण्यास वेळ लागतो, म्हणून ही आज्ञावली, निराळें न सांगितल्यास, छायांचें गणित वीस-वीस दिवसांनीं एकदां करून मधल्या दिवसांस तेंच लावते. संपातांच्या सुमारास सूर्याची क्रांति सर्वांत वेगानें बदलत असते. तेव्हां वीस दिवसांत ती सात-आठ अंशांनीं सरकते. ज्या घरांत छज्जाची कड महत्त्वाची आहे तेथें हें अंतर कमी करावयास सांगावें.

मग खिडकीस करावयाचें काय? छज्जा लांबवावा असें आम्हीं सुचविलें. नातीनें आम्हांसच त्रैराशिक करावयास लाविलें. ४ फूट उंचीची खिडकी २० अंशांच्या उन्हापासून पूर्ण झांकावयाची तर तिच्या माथ्यावरील छज्जा ११ फूट पुढें यावा लागेल! दक्षिणेच्या खिडकीस आडवा छज्जा उत्तम काम देतो, कारण तेथें माध्यान्हींचा सूर्य उंच असतो. पश्चिमेस तो दुबळा ठरतो. आंतून जाड पडदा लावला तर उजेड अडतो, परंतु ऊन कांच ओलांडून आधींच आंत आलेलें असतें. पडदा तापतो आणि खोलीस तापवितो. उपाय एकच उरला. ऊन कांचेच्या बाहेरच अडविणें. म्हणजे बाहेरून झिलमिलीची झडप, किंवा बांबूच्या चिकाचा पडदा, किंवा वाळ्याचा पडदा.

येथें सरकारी नियमांविषयींही दोन शब्द लिहितों. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनें २०१८ सालीं निवासी इमारतींसाठीं इको-निवास संहिता प्रसिद्ध केली. तींत थंड प्रदेश वगळून इतरत्र भिंती-खिडक्यांतून आंत येणाऱ्या उष्णतेचें मान दर चौरस मीटरास १५ वॅटपेक्षां अधिक असूं नये असा दंडक आहे. दंडक हितकर आहे. दिशा व छज्जे यांचा विचार त्यांत केला जातो. परंतु तो साऱ्या इमारतीच्या बाह्यांगाचा दंडक आहे. खोलीच्या आंत ऊन कोणाच्या उशाशीं पडेल, हें सांगण्यासाठीं तो केलेलाच नाहीं. त्यांत उत्तीर्ण झालेल्या घरांतही एखादा कोपरा तापूं शकतो.

म्हणून जीं कुटुंबें घर बांधण्याच्या विचारांत आहेत, त्यांनीं असा अहवाल हातीं आल्यावर शेवटचें पान वाचून थांबूं नये. घराचे किती कक्ष पाडिले, आणि त्यांत गुण्याच्या आकाराचा एखादा आहे काय, हें विचारावें. आंत आलेलें ऊन जमिनीवर धरिलें कीं भिंतीभिंतींवर, हें विचारावें. छाया किती दिवसांनीं काढल्या, हें विचारावें. आणि घरांतील म्हातारें माणूस, आजारी माणूस, बाळंतीण, तान्हें मूल ज्या जागीं दिवसाचे बहुतेक तास काढणार, त्या जागेचें त्या तासाचें उत्तर निराळें मागावें. हे प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाहीं. प्रामाणिक सल्लागारास ते आवडतीलच.

झडपा बसविण्यास सुतार आला तेव्हां वहिनी खाटेवर उठून बसल्या. खाट एव्हांना आम्हीं दुसऱ्या भिंतीशीं हलविली होती. आम्हीं त्यांच्यासमोर बसून, भाऊजीनें वहिनीस सांगावें तसें नव्हे तर विद्यार्थ्यानें गुरूस सांगावें तसें, वर लिहिलेलें सगळें गणित सांगितलें: २० अंश, ४·४ फूट, गुण्याचें दालन, सगळें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग विचारिलें, "म्हणजे ऊन भिंतीवर चढतं, हेच ना?"

"हेंच," आम्हीं म्हणालों, आणि पुढें, जें एप्रिलपासून घशांत अडकलें होतें तेंही म्हणालों, "वहिनी, त्या दिवशीं आम्हीं तुमचें ऐकावयास हवें होतें."

त्या हंसल्या. "ते राहू द्या भाऊजी. झडपेची कडी जरा खाली बसवायला सांगा त्याला. माझा हात आता वर पोचत नाही."

कडी खालीं बसविली आहे. चार वाजले कीं झडप मिटण्याचें काम मात्र आम्हीं स्वतःकडे घेतलें आहे.